भीमेच्या नोंदवहीचा खर्च कोणी केला?

पावसाळा सुरू झाला की सोलापुरात रोज सकाळी एकच चौकशी असते: दौंडचा विसर्ग किती? भीमेवरचं उजनी धरण मायनसमधून प्लसमध्ये आलं का, म्हणजे सहज सोडता न येणाऱ्या मृतसाठ्याच्या वर पाणी चढलं का, टक्केवारी कुठवर पोहोचली, हे टपरीवर चहा पिणारा माणूसही बिनचूक सांगतो. भीमेचं पाणी मोजण्यावर सरकार कित्येक दशकं खर्च करत आलं, म्हणूनच हे आकडे आपल्यापर्यंत येतात. त्याच पाण्यात कोणते मासे उरले, तळाच्या गाळात काय जगतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडल्यावर कोण मरतं, या नोंदींसाठी मात्र कायमचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं स्वतंत्र खातं, अजूनही नाही. असं का झालं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

भीमा खोऱ्यातल्या जीवांची पहिली मोठी नोंद सरकारी पगारावरच झाली. 1824 मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या जोडीने साइक्स यांनी पक्षी आणि मासेही टिपले. मुळा-मुठा आणि भीमेतल्या माशांची त्यांनी केलेली वर्णनं 1839 मध्ये छापली गेली. दख्खनच्या नद्यांत मिळणाऱ्या महसीरचं ‘टॉर खुद्री’ हे शास्त्रीय नाव त्यांच्याच वर्णनावरून आलं. पण काम अर्धवट असतानाच, 1829 च्या अखेरीस, सरकारने त्यांचं पद रद्द केलं. परवानगी काढून त्यांनी 1831 पर्यंत ते कसंबसं पुरं केलं. नदीच्या जीवांची नोंद आणि थांबलेला पैसा ही जोडी इथे पहिल्यांदा दिसते. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटते.

पाणी मोजण्याला पैसा मिळाला तो प्रामुख्याने भांडणामुळे. कृष्णा खोऱ्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाद पेटला, 1969 मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला आणि 1973 मध्ये त्याचा निवाडा आला. प्रत्येक राज्याने पाणीवापराच्या सविस्तर नोंदी ठेवायच्या आणि दरवर्षी त्या दुसऱ्या राज्यांना द्यायच्या, असं बंधन त्यातून आलं. नोंद नसेल तर हक्क सिद्ध होत नाही, हे सगळ्याच राज्यांना कळलं होतं. केंद्रीय जल आयोगाची भीमेवर टाकळीला आणि सीना या तिच्या उपनदीवर वडकबाळला मापन केंद्रं आहेत. गेजपट्टीवरची पातळी आणि पाण्याचा वेग तिथे नोंदवला जातो. अशा केंद्रांवरचा माणूस सरकार बदललं म्हणून घरी जात नाही.

1980 मध्ये उजनी पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. वाहती नदी करमाळा, माढा, इंदापूरच्या हद्दीत तळं होऊन बसली. धरणाखाली आवर्तन, म्हणजे ठरावीक काळासाठी सोडलेलं पाणी, सुटलं की नदी वाहते, ते बंद झालं की डबकी उरतात. नदीच्या जीवांसाठी भीमेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल. पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन देशात बंधनकारक झालं ते 1994 च्या अधिसूचनेने, तोवर उजनी 14 वर्षांचं झालं होतं. आधीची नदी आणि नंतरची नदी यांची तुलना करायची तर आधीचा रकाना आता कोणत्याही निधीतून भरून निघणार नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

पाण्याच्या प्रतीकडे लक्ष गेलं ते कायद्यामुळे. त्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1969 चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 चं. केंद्राचा कायदा त्यानंतर, 1974 मध्ये झाला. 1977 च्या उपकर कायद्याने पैशाचीही सोय केली. पाणी वापरणारे कारखाने आणि स्थानिक संस्था यांच्याकडून उपकर घ्यायचा आणि त्यातला मोठा वाटा राज्यांच्या मंडळांना परत द्यायचा. पाण्यावरचा कर पाणी तपासायला, इतकी सरळ रचना होती. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. त्या वेळी चर्चा झाली ती साड्या-टॉवेलवरच्या कराची. सोलापुरात ते साहजिकच होतं. नदीच्या तपासणीचा हक्काचा पैसा त्याच दिवशी गेला, हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ही तपासणी होते कशी? काठावर 300 मिलिलिटरची काचेची बाटली हवेचा बुडबुडा न राहू देता भरायची आणि त्यात जागेवरच दोन रसायनं टाकायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. बर्फाच्या पेटीत ठेवलेला दुसरा नमुना प्रयोगशाळेत 27 अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी काढतात, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजतात. आंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि बीओडी 3 च्या वर नको. पंढरपूरला लाखो वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, तेव्हा हे आकडे त्यांच्या अंगाशी येतात. ही पद्धत चोख आहे, पण महिन्याला एक नमुना त्या घटकेचं पाणी सांगतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मध्येच एका रात्री दाट होऊन गेलं, तर ते त्या बाटलीत उतरत नाही. तळाच्या दगडांना चिकटलेल्या अळ्यांत ते उतरतं. स्वच्छ पाण्यातल्या नाजूक अळ्या नाहीशा होतात आणि कमी ऑक्सिजनमध्ये तगणाऱ्या लाल अळ्या गाळात माजतात. मागच्या काही महिन्यांत नदीवर काय गुदरलं, ते त्या अळ्या मोजून कळतं.

मोठा पैसा आला तो जागतिक बँकेच्या मदतीच्या जलविज्ञान प्रकल्पातून. पहिला टप्पा 1995 ते 2003, दुसरा 2006 ते 2014. 2016 मध्ये केंद्राने सुमारे 3,680 कोटींच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाला मंजुरी दिली. या प्रकल्पांचं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. त्यातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी तत्काळ कळवणारी यंत्रणा बसली. पुराच्या वेळी पंढरपूरकरांना तिची किंमत कळते. पण वर्षं नीट पाहिली की टप्प्यांमधली मोकळी जागाही दिसते. शिवाय भर पाण्याच्या आकड्यांवरच राहिला, जीव बाहेरच राहिले.

2016 मध्येच राज्याने ‘नमामि चंद्रभागा’ हे नदीशुद्धीकरणाचं अभियान जाहीर केलं. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले 53, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातले होते. हरित न्यायाधिकरणाने राज्यांना कृती आराखडे करायला लावले. हे सगळं आवश्यक होतं. मात्र शुद्धीकरण प्रकल्पावर किती खर्च झाला ते सांगता येतं आणि नदी किती सुधारली ते सांगता येत नाही. त्यासाठी आधीची वर्षानुवर्षांची नोंद लागते.

कायद्यानेच सोय केल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. 1986 च्या जलसंपत्ती कायद्याने मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यासाठी अधिवास सुधारणा आणि दीर्घकालीन निरीक्षण एकाच कार्यक्रमात बांधलं. पाणी, मासे आणि पाणवनस्पती यांची मोजणी ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने आजही चालते. आपल्याकडे 2015 मध्ये केंद्राने दीर्घकालीन परिसंस्था वेधशाळांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात भीमेचं उगमस्थान असलेला पश्चिम घाट आहे. पण घाट उतरून पठारावर आलेली नदी त्यात येत नाही.

मधली पोकळी आजवर लोकांनी भरली. जानेवारीतली पाणपक्षी गणना 1987 पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित आणि पट्टकादंब येतात ते आपल्याला हौशी पक्षीनिरीक्षकांमुळे ठाऊक. प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर), माशांवर विद्यार्थी प्रबंध लिहितात. पदवी मिळते आणि नोंद थांबते. केत्तूर, कुगावच्या बाजूचा मासेमार जाळ्यात चिलापीच का भरते हे सांगू शकतो, पण त्याचं सांगणं कुठल्याच सरकारी रजिस्टरात चढत नाही.

टाकळी आणि वडकबाळला नोंद घेण्याची सवय आधीच आहे. तिथे वर्षातून चार वेळा मासे आणि तळाच्या अळ्या मोजायला नवी इमारत लागत नाही. एक प्रशिक्षित जोडी, सूक्ष्मदर्शक, गाडीचा खर्च आणि नमुने जपण्याची जागा एवढ्यावर भागतं. जागा सोलापूरच्या विद्यापीठात होऊ शकते. अडतं ते पैसा कोणाच्या खात्यातून यायचा यावर: विसर्ग जलसंपदाकडे, बीओडी प्रदूषण मंडळाकडे, मासे मत्स्यव्यवसायाकडे. तिघांचं मिळून एक लेखाशीर्ष, तेही पाच वर्षांच्या योजनेला न टांगता दरवर्षीच्या आस्थापना खर्चात धरलेलं, ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी लेखी मांडायला हवी.