येऊरचे जंगल आणि बजावली न गेलेली नोटीस

येऊरच्या पायथ्याशी नवा टॉवर उभा राहिला की ठाण्यात हमखास एक प्रश्न निघतो: हे जंगल राखीव आहे ना, मग इथे खाजगी जमीन आली कुठून? त्याचे उत्तर १९५० च्या दशकातल्या कागदांत आहे.

त्याआधीचे थोडक्यात. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबई शहराला पाणी हवे म्हणून पाणलोटातले डोंगर राखले गेले आणि पुढे त्याच गाभ्याभोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वाढले. आज सुमारे १०३ चौरस किलोमीटर असलेल्या या उद्यानाचा निम्म्याहून मोठा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. इथले बरेच उतार मात्र खाजगी मालकीचे होते.

रान आर्द्र पानझडी. साग, ऐन, खैर, कुडा, बोंडारा, पळस. मार्चमध्ये डोंगर बोडका दिसतो आणि नवख्याला तिथे राखण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. पण झाडांखाली कारवी असते. तिचे खोड अंगठ्याएवढे, पान खरखरीत. आठ वर्षे ती नुसती वाढते आणि मग एका पावसाळ्याअखेर अख्खा उतार जांभळा होतो. २०१६ मध्ये झाला, २०२४ मध्ये झाला. फुलून गेलेले झाड वाळते, बोंडे पुढच्या पावसापर्यंत तशीच राहतात आणि ओल लागली की तडतडत फुटतात. पाड्यांवर याच काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात. असा उतार एकदा सपाट केला की आठ वर्षांचे चक्र तिथेच तुटते.

आता मुख्य गुंता. १९५६-५७ च्या सुमारास शासनाने भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली अनेक जमीनमालकांच्या नावे नोटिसा काढल्या. तोड आणि चराईवर निर्बंध का घालू नयेत, एवढाच त्यांचा मजकूर. पुढे बहुतेक ठिकाणी सुनावणी नाही, अंतिम आदेश नाही. मग १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा आला. अशी नोटीस निघालेली जमीन हीसुद्धा ‘खाजगी वन’, असे त्याच्या व्याख्येत होते आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. सातबाऱ्यावर मात्र तशी नोंद अनेक ठिकाणी झालीच नाही. मधल्या तीसेक वर्षांत त्याच शासनाच्या यंत्रणांनी बांधकाम परवानग्या दिल्या, इमारती झाल्या, माणसे राहायला आली. २००६ च्या सुमारास नोंदी चढू लागल्या तेव्हा घबराट उडाली.

२००८ मध्ये उच्च न्यायालयाने शासनाची बाजू धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे; शिवाय दशकानुदशके पडून राहिलेल्या नोटिशीच्या जोरावर जमीन घेता येत नाही. मुलुंड-ठाण्यातल्या घरमालकांचा जीव भांड्यात पडला आणि तो पडणे रास्तच होते. त्यांनी परवानगी पाहूनच घर घेतले होते. पण त्याच निकालाचा आधार मोकळ्या, अजून झाडे असलेल्या जमिनींनाही मिळू शकतो. कारकुनी हलगर्जीची किंमत रानाने मोजावी, हे पटत नाही.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. २०१५ च्या कॅमेरा-ट्रॅप मोजणीत उद्यान व परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. त्यांच्यासोबत चितळ, सांबर, भेकर, वाघाटी हे छोटे रानमांजर आणि पिसोरी हे चिमुकले हरीण. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, जाहीर झाले. त्याची रुंदी कुठे १०० मीटर, कुठे ४ किलोमीटर. १०० मीटर म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने काहीच नाही.

उत्तरेला नागल्याचा वनपट्टा आणि पलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य हे येऊरचे नैसर्गिक नातेवाईक, पण मध्ये घोडबंदर रस्ता आहे आणि खाडीही. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. एकूण ११.८ किलोमीटरपैकी १० किलोमीटरहून अधिक रस्ता डोंगराच्या पोटातून जाईल, म्हणजे वरचे रान उभे राहील. ठाण्याकडचे तोंड मानपाड्याला, उद्यानाच्या अगदी कडेला उघडेल. तिथली वर्दळ आणि उजेड रानाच्या वाट्याला येणारच आहे, आणि याच पट्ट्यातल्या मोकळ्या जमिनींचा भाव आता बोगद्यावर ठरेल.