जाळी घेण्याआधी पाखरू ओळखा: भोरडी की साळुंकी?

ज्वारी हुरड्यात आली की मोंढ्यातल्या आमच्या दुकानात रोज कुणीतरी येतं, "मैनांनी वावर खाल्लं, जाळी द्या." आम्ही आधी विचारतो, कोणती मैना? जोडीनं येणारी की आभाळ भरून येणारी?

दोघी स्टर्निडी या एकाच कुळातल्या, पण वंश वेगळे. आपली साळुंकी म्हणजे ॲक्रिडोथेरिस ट्रिस्टिस. पहिल्या शब्दाचा अर्थच नाकतोडे धरणारी. तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळी कातडी. भिंतीच्या भोकात घरटं करते, बारमाही इथेच राहते, ट्रॅक्टरमागे किडे वेचत फिरते. चार दाणे खाईलही, पण तिच्यासाठी पैसे घालवू नका.

भोरडी, म्हणजेच पळसमैना, ही पाहुणी. शास्त्रीय नाव पास्टर रोझियस, जुन्या पुस्तकांत स्टर्नस रोझियस. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. मेंढरांच्या कळपामागे फिरते म्हणून. डोकं काळं, अंग गुलाबी. थंडीत रंग मळका दिसतो आणि पिल्लं तर नुसती मातकट, तिथेच लोक फसतात. तिची वीण मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या गवताळ माळांवर, दगडांच्या ढिगाऱ्यांत होते. तिथे ती टोळ फस्त करते; चीनच्या शिंजियांगमध्ये तर तिनं घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचतात! आपल्याकडे पावसाळा सरता सरता येते, पळस-पांगाऱ्याचा मध पिते आणि एप्रिलपर्यंत निघून जाते. मधल्या काळात दाणा चिकात भरला की थवा उतरतो. खरं नुकसान हिचंच.

धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत दोघीही 'चिंता नसलेल्या' गटात आहेत. साळुंकी तर ऑस्ट्रेलियात किडे खायला नेली आणि तिथे उपद्रवी ठरली. म्हणून इथे मारायची मोकळीक आहे असं समजू नका. पाखरं पकडणं-मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बारीक नायलॉनची जाळी आम्ही ठेवत नाही. तीत पाखरं अडकून मरतात.

आमचा सल्ला चमकी रिबनचा. पीळ देऊन, जरा सैल बांधा, म्हणजे वाऱ्यावर आवाज करते. आधीपासून बांधून ठेवू नका, पाखरं सरावतात. दाणा चिकात आल्यावरच बांधा आणि अधूनमधून जागा बदला. सकाळ-संध्याकाळ राखण मात्र चुकत नाही. गोफण असेल तर रिकामीच फटकारा, दगड नको.

येताना थव्याचा फोटो मोबाईलवर आणा. साळुंकी निघाली तर चहा पिऊन परत जा.