सोलर आहे तरी लाईट का जाते? ऑन-ग्रिड सोलर आणि बॅटरी बॅकअप, दोन्ही एकच समजू नका

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, नाशिकच्या गंगापूर रोडला एखादी फांदी तारेवर पडली की पुढचे दोन-तीन तास लाईटचं काही खरं नसतं. मग अर्ध्या तासात ऊन पडतं, आणि ज्यांनी नुकतंच गच्चीवर सोलर बसवलंय ते विचारायला लागतात की पॅनलवर एवढं ऊन पडलंय आणि घरात साधा पंखा का फिरत नाहीये, सिस्टीम बिघडली का? सिडकोत, इंदिरानगरात, पाथर्डी फाट्याला, कुठंही जा, हा प्रश्न ऐकायला मिळतोच.

बिघडलेलं काहीच नसतं. त्यांनी घेतलेलं असतं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं, आणि मनात असतं बॅटरी बॅकअप. भिंतीवर दोन्हीकडे इन्व्हर्टरचाच डबा दिसतो म्हणून गोंधळ होतो, पण एकाचं काम बिल कमी करायचं आणि दुसऱ्याचं काम लाईट गेल्यावर घर चालू ठेवायचं. एकाच्या भरवशावर दुसरं सोडून दिलं की मग भर दुपारी घामाघूम होऊन बसावं लागतं.

ऑन-ग्रिड का बंद पडतं ते नीट समजून घ्या, कारण विकणारे हे घाईघाईत सांगतात किंवा सांगतच नाहीत. हा इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून तिच्या तालावर चालतो, लाईन गेली की दोनेक सेकंदाच्या आत स्वतःला बंद करून घेतो, डिस्प्लेवर ग्रिड नसल्याचा मेसेज येतो, लाल दिवा लागतो आणि पॅनलची वीज तिथंच थांबते. हे मुद्दाम केलेलं आहे. समजा तो चालूच राहिला तर तुमच्या गच्चीवरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाणार, डीपीपर्यंत पोचली तर तिथं ट्रान्सफॉर्मर उलटा चालून पलीकडे 11,000 व्होल्ट तयार होणार, आणि खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून तारेला हात लावणार. त्यामुळे कुणी म्हणालं की थोडी सेटिंग करून देतो, लाईट गेली तरी चालेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बाकी बिलाच्या बाबतीत ऑन-ग्रिड खरंच चांगलं आहे. आपल्याकडे 1 किलोवॉटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे 3 किलोवॉटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, पावसाळ्यात कमी. जास्तीची वीज नेट मीटरमधून लाईनवर जाते आणि बिलात वळती होते. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये सबसिडी मिळते. पण ती सोलरची, बॅटरीसाठी वेगळं काही मिळत नाही, आणि हे कोटेशन बघतानाच लक्षात ठेवलेलं बरं.

आता बॅटरी. बॅटरी वीज तयार करत नाही, उलट भरताना आणि वापरताना थोडी खाते, म्हणून बिल कमी होईल या आशेनं साधा इन्व्हर्टर घेऊ नका. तिचा फायदा वेगळा आणि तो मला पैशापेक्षा मोठा वाटतो. घरात आजी-आजोबा आहेत, कुणाला नेब्युलायझर लागतो, पोरांची परीक्षा आहे, कुणी घरून काम करतं आणि वायफाय गेलं की मीटिंग गेली, अशा घरात लाईट जाते पण घर थांबत नाही. शिवाय जनरेटरसारखा आवाज नाही, धूर नाही.

किती वेळ चालेल याचा हिशोब अवघड नाही. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट, हाताशी धरा सव्वा. जुने तीन पंखे 75 वॉटचे, पाच एलईडी आणि राउटर मिळून 280 वॉट होतात, म्हणजे साडेचार तास. तेच पंखे 30 वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले तर लोड 145 वर येतो आणि त्याच बॅटरीवर आठ तासांच्या वर जातं. म्हणून मी तर म्हणेन, मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. गिझर मात्र बॅकअपवर चुकूनही नको, 2000 वॉटचा गिझर 5 युनिटची मोठी लिथियम बॅटरीसुद्धा अडीच तासाच्या आत रिकामी करतो.

ट्युब्युलर की लिथियम? ट्युब्युलर स्वस्त, पण दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं, टर्मिनलला पांढरी-हिरवी बुरशी बसते ती पुसावी लागते, चार्ज होताना हायड्रोजन निघतो म्हणून बेडरूममध्ये किंवा बंद कपाटात ठेवायची नाही, आणि चार-पाच वर्षांत बदलायची. लिथियम महाग, पण पाण्याचं झंझट नाही, लवकर भरते, जवळजवळ सगळी वापरता येते आणि टिकतेही बरीच जास्त. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात लिथियम परवडते, महिन्यातून एकदा जात असेल तर ट्युब्युलर बास.

आणि एक, एकलहऱ्याचं वीज केंद्र शेजारी आहे म्हणून आपल्याकडे लाईट जाणार नाही असं होत नाही, कारण जाते ती बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतल्या तारेमुळे, डीपीमुळे, फीडरमुळे. फ्लॅटवाल्यांना गच्ची सोसायटीची असल्यामुळे स्वतःचं सोलर अवघड जातं, पण बॅटरी चौथ्या मजल्यावरही बसते, त्याला कुणाची परवानगी नको.

दोन्ही हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, तो लाईन गेली की घराला बाहेरच्या लाईनपासून तोडून पॅनल आणि बॅटरीवर चालवतो. त्यात बॅकअपचं वायरिंग वेगळं काढावं लागतं, पंखे-लाईट-फ्रिज एका बाजूला, गिझर-एसी-मोटर दुसऱ्या बाजूला, म्हणून घराचं काम चालू असतानाच करून घेतलं तर भिंती परत फोडाव्या लागत नाहीत. आधीच घरात जुना इन्व्हर्टर आहे आणि आता ऑन-ग्रिड बसवताय तर दोन्ही आपापल्या जागी चालतील, फक्त सोलरची वायर जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडू देऊ नका, तो जळू शकतो. आणि ऑर्डर देण्याआधी सोलरवाल्याला एवढंच विचारा की दुपारी बारा वाजता मेन स्विच पाडला तर घरात नेमकं काय काय चालू राहील आणि किती वेळ, आणि त्याचं उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.