क्लचचे काम करणारे तेल

सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाटात मालट्रकच्या मागे रांग लागली की ताशी 5-10 किलोमीटरच्या वेगाने चढ चढावा लागतो. हाताने गिअर टाकायच्या गाडीत चालक अशा वेळी हाफ क्लचवर गाडी धरतो आणि थोड्याच वेळात क्लच प्लेट तापल्याचा वास येऊ लागतो. ऑटोमॅटिक एसयूव्हीत क्लचचे पेडलच नसल्यामुळे हा प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती उष्णता गिअरबॉक्समधल्या तेलाच्या वाट्याला आलेली असते, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या शहरात हे समजून घेणे फार गरजेचे आहे.

‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेली एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स असून त्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुली यांवर चालणारी यंत्रणा) आणि दुहेरी क्लचची यंत्रणा यांची रचना आणखी निराळी असते. मोठ्या, वजनदार एसयूव्हीमध्ये मात्र बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणून इथे त्याचाच विचार केला आहे.

टॉर्क कन्व्हर्टर हे जाड कड्याच्या आकाराचे, तेलाने भरलेले बंद भांडे असते. त्यात इंजिनाबरोबर फिरणारी पाती म्हणजे पंप, गिअरबॉक्सला जोडलेली पाती म्हणजे टर्बाइन आणि दोहोंच्या मध्ये स्टेटर असतो. पंप तेल जोराने टर्बाइनवर फेकतो आणि त्या माऱ्याने टर्बाइन फिरते. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी शोधलेल्या या कल्पनेचे पेटंट 1905 मधले आहे. दोन्ही बाजूंमध्ये धातूचा सांधा नसल्यामुळे गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत गाडी थांबवली तरी इंजिन बंद पडत नाही, आणि ब्रेकवरचा पाय उचलताच ती आपोआप सरकू लागते.

खरी करामत स्टेटरची आहे. टर्बाइनवरून परतणारे तेल पंपाच्या उलट दिशेने येत असते; स्टेटर त्याला वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो. त्यामुळे गाडी जागेवरून हलताना टर्बाइनला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारे बळ, इंजिनाच्या जवळपास दुप्पट होऊ शकते. पण याची किंमत मोजावी लागते. समजा, टर्बाइन पंपाच्या निम्म्या वेगाने फिरत आहे आणि टॉर्क दीडपट झाला आहे. तर इंजिनाच्या शक्तीपैकी 75 टक्केच पुढे जाते आणि उरलेल्या 25 टक्क्यांची तेलात उष्णता होते. पुण्याच्या महामार्गावर स्थिर वेगाने जाताना आतला लॉक-अप क्लच पंप आणि टर्बाइन यांना घट्ट जोडतो आणि ही हानी जवळपास थांबते. घाटातल्या मंद चढावर मात्र तो बहुतेक वेळ सुटलेलाच असतो.

पुढचे काम ग्रहचक्रांचे. मध्यभागी 30 दात्यांचे सूर्यचक्र, त्याभोवती एका चौकटीवर बसवलेली 15 दात्यांची तीन छोटी चक्रे आणि बाहेर आतल्या बाजूने 60 दाते असलेले कडे, असा एक संच घेऊ. कडे अडवून सूर्यचक्र फिरवले तर त्याच्या तीन फेऱ्यांत चौकटीची एक फेरी होते, म्हणजे हा जोरकस पहिला गिअर झाला. सूर्यचक्र अडवून कडे फिरवले तर दीड फेरीला एक फेरी मिळते. कोणतेही दोन भाग एकमेकांशी जखडले तर सगळा संच एकसंध फिरतो, आणि चौकट अडवून सूर्यचक्र फिरवले तर कडे उलट फिरते, तोच रिव्हर्स. एकही चक्र जागचे न हलवता, फक्त कोणाला अडवायचे एवढ्या निर्णयातून इतके गिअर निघतात, हे मला यंत्रशास्त्रातले अत्यंत देखणे काम वाटते. 1939 मध्ये ओल्डस्मोबिलने आणलेल्या हायड्रा-मॅटिकमध्ये चार गिअर होते. आज असेच अनेक संच जोडून सहा किंवा आठ मिळवतात.

चक्रे अडवणारे आणि जोडणारे छोटे क्लचसुद्धा तेलाच्याच दाबावर चालतात. ते तेल साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसला नीट काम करते. त्यापलीकडे बराच काळ तापत राहिले तर काळवंडते, जळका वास येतो आणि गिअर बदलताना गाडी हिसके देऊ लागते. ‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असा दावा कधी कधी केला जातो. सोलापूरचे ऊन, धूळ आणि घाट पाहता मला तो पटत नाही. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी कमी मुदत दिलेली असेल तर तीच पाळावी, आणि तेल कूलरच्या जाळीत धूळ साचू देऊ नये. चढावर थांबताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेकवर धरावी. उतारावर न्यूट्रल करू नये, मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्यावा म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

अशी गाडी बंद पडली तर धक्का मारून सुरू होत नाही, कारण तेलाला दाब देणारा पंप सहसा इंजिनावरच चालतो आणि दाबाशिवाय आतले क्लच जोडलेच जात नाहीत. त्याच कारणाने इंजिनाकडून ताकद मिळणारी चाके रस्त्यावर टेकवून ती दूरवर ओढून नेऊ नये: चाकांबरोबर गिअरबॉक्स आतून फिरत राहतो, पण त्याला वंगण मिळत नाही. गाडी पूर्ण उचलून नेणारे वाहन मागवावे.