एक्स्पांडेड की एक्स्टेंडेड? डॉसच्या जुन्या प्रोग्रॅमची मेमरीची तक्रार

विंडोज ९८ च्या संगणकावर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीच्या, काळातला हिशेबाचा प्रोग्रॅम किंवा खेळ सुरू केला आणि ‘एक्स्पांडेड मेमरी पुरेशी नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बहुतेक जण आधी रॅम किती आहे ते पाहतात. २५६ एमबी रॅमच्या यंत्रावर २ एमबी मागणाऱ्या प्रोग्रॅमने तक्रार करावी, हे पटत नाही, आणि मग प्रोग्रॅमच बिघडला असे ठरवून तो टाकून दिला जातो. तक्रार मात्र खरी असते. संदेशातला ‘एक्स्पांडेड’ आणि ‘एक्स्टेंडेड’ यांतला फरक नीट वाचला, तर निम्मे काम तिथेच होते.

१९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ प्रोसेसरला एकूण १ एमबी मेमरीच दिसत असे. त्यातील ६४० केबी प्रोग्रॅमसाठी होती, तर उरलेली ३८४ केबी जागा पडदा, बायोस (यंत्र सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) आणि निरनिराळी कार्डे यांच्यासाठी राखलेली होती. मोठ्या स्प्रेडशीटना ही ६४० केबी अपुरी पडू लागली, तेव्हा १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक्स्पांडेड मेमरीचे, म्हणजे ईएमएसचे, मानक ठरवले. वेगळ्या बोर्डावर बसवलेली ही मेमरी राखीव भागातील ६४ केबीच्या एका चौकटीतून, १६ केबीच्या चार पानांत दिसत असे. प्रोग्रॅमने मागणी केली की ड्रायव्हर, म्हणजे ही मेमरी सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, चौकटीत दुसरी पाने आणतो. यात माहिती हलवली जात नाही, फक्त समोर काय दिसते ते बदलते, आणि म्हणूनच ही युक्ती वेगवान ठरली.

एक्स्टेंडेड मेमरी म्हणजे १ एमबीच्या पलीकडे सलग असलेली मेमरी. १९८२ च्या ८०२८६ प्रोसेसरला १६ एमबीपर्यंत पोहोचता येत होते, परंतु डॉस प्रोसेसरच्या ज्या रिअल मोडमध्ये, म्हणजे ८०८८ सारख्या जुन्या पद्धतीत, चालते त्यातून या मेमरीचा जवळजवळ सर्व भाग आवाक्याबाहेर राहतो. हायमेम.सिस हा ड्रायव्हर एक्सएमएस या एक्स्टेंडेड मेमरीच्या मानकानुसार तिचे वाटप करतो. प्रोग्रॅमने एकतर हवा तो भाग १ एमबीच्या खाली उतरवून घ्यावा, किंवा डॉस एक्स्टेंडर या जोडप्रोग्रॅमच्या साहाय्याने स्वतःच प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे ही सर्व मेमरी वापरता येणाऱ्या पद्धतीत, जावे.

८०३८६ प्रोसेसरनंतर ईएमएसचे वेगळे बोर्ड मागे पडले आणि ईएमएम३८६ हा ड्रायव्हर एक्स्टेंडेड मेमरीतूनच एक्स्पांडेड मेमरी तयार करू लागला. माझ्या मते खरा गोंधळ इथे सुरू होतो, कारण या यंत्रांत प्रत्यक्ष बसवलेली मेमरी एकाच प्रकारची आहे आणि दुसरा प्रकार केवळ ड्रायव्हरमुळे अस्तित्वात येतो. रॅम कितीही वाढवली तरी तो ड्रायव्हर नसेल, किंवा ६४ केबीच्या चौकटीला सलग जागा मिळत नसेल, तर ईएमएस शून्यच राहते.

त्यामुळे तक्रार एक्स्पांडेड मेमरीची असेल तर प्रथम कॉन्फिग.सिस ही संगणक सुरू होताना वाचली जाणारी फाइल उघडावी. ईएमएम३८६ च्या ओळीत ‘नोईएमएस’ (ईएमएस नको) असे लिहिलेले असेल, तर विंडोजच्या आतील डॉस खिडकीलाही ईएमएस मिळत नाही. त्या जागी ‘रॅम’ लिहावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एखादा प्रोग्रॅम खिडकीत चालतो पण विंडोजबाहेरच्या एमएस-डॉस मोडमध्ये अडतो, याचे कारण बहुधा ईएमएम३८६ ची ओळच नसणे हे असते. खिडकीत विंडोज स्वतःच ईएमएस पुरवते, या मोडमध्ये मात्र ड्रायव्हर लागतो: विंडोज ९८ मध्ये हायमेम आपोआप येतो, ईएमएम३८६ मात्र स्वतः लिहावा लागतो.

एक्स्टेंडेड मेमरीच्या तक्रारीत प्रकरण अनेकदा उलटे असते. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमधील मेमरीच्या पानावर एक्स्टेंडेड मेमरीपुढे ‘ऑटो’ ठेवल्यास विंडोज कोणतीही मर्यादा घालत नाही, आणि एवढा मोठा आकडा काही जुन्या प्रोग्रॅमना हाताळता येत नाही. तिथे ८१९२ केबी लिहिल्यास ते सुरळीत चालू शकतात. प्रोटेक्टेड मोडचा ताबा स्वतः घेऊ पाहणाऱ्या काही प्रोग्रॅमना तर ईएमएम३८६ मुळीच चालत नाही. ‘अल्टिमा ७’ हा १९९२ चा खेळ त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

एकाच नावाच्या प्रोग्रॅमची गरजही आवृत्तीनुसार बदलते. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटची दुसरी आवृत्ती एक्स्पांडेड मेमरी वापरत असे, तर १९८९ ची तिसरी आवृत्ती एक्स्टेंडेड. म्हणून अंदाज न करता ‘मेम’ आज्ञा द्यावी. ती दोन्हींचे आकडे वेगवेगळे दाखवते.

‘प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी’ (प्रोग्रॅम मेमरीत मावत नाही) हा संदेश या दोहोंपैकी कशाचाही नाही, तो त्या मूळ ६४० केबीचा आहे. त्यावर ड्रायव्हर वरच्या राखीव भागात हलवणे हा उपाय आहे. पण ‘रॅम’ लिहून घेतलेली ईएमएसची चौकट त्याच भागातील ६४ केबी अडवते, त्यामुळे ज्या प्रोग्रॅमला ईएमएस लागत नाही त्याच्यासाठी ‘नोईएमएस’ परत लिहिणेच योग्य ठरते.