गिझरमधली कांडी आणि बोटीचं इंजिन

मागच्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या घरातला गिझर दुरुस्तीला खोलला. मेकॅनिकने आतून एक कांडी उपसून माझ्या हातात दिली. मुळात बोटाएवढी जाड असलेली ती कांडी जागोजागी झिजून तारेएवढी उरली होती. "ही गेली म्हणून टाकी वाचली," तो म्हणाला. बोटीची इंजिनंही अगदी याच युक्तीने वाचवतात.

दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि एकाच पाण्यात बुडलेले असले की त्यांची आपोआप बॅटरी होते. इलेक्ट्रॉन सहज सोडणारा धातू विरघळतो, दुसरा शाबूत राहतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे तिथे हा प्रवाह जोरात वाहतो. आणि बोटीचं इंजिन थंड ठेवायला बहुतेकदा तेच पाणी वापरतात! नळ्या तांबं-निकेलच्या, आवरण बिडाचं किंवा ॲल्युमिनियमचं. तांबं टिकतं, आवरण खाल्लं जातं. म्हणून तिथे जस्ताचा तुकडा बसवतात. तो दोघांच्याही आधी विरघळतो.

ही युक्ती 1824 सालची, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्याने मढवलेले असत. डेव्हीने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबं झिजायचं थांबलं. पण विरघळणारं तांबंच तळावर चिकटणाऱ्या जीवांना मारत होतं. ते थांबताच तळावर शिंपले नि शेवाळ माजलं, जहाजं मंदावली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मला ही हकिगत फार मोलाची वाटते, कारण डेव्हीचं रसायनशास्त्र कुठेच चुकलं नव्हतं.

पुण्याला समुद्र नसला, तरी नौदलाचे इंजिन-अभियंते आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'वर शिकतात. झिजायला बसवायचा धातू मात्र पाणी पाहून निवडावा लागतो. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते काम सोडतं. म्हणून खडकवासल्याच्या पाण्यात मॅग्नेशियम हवं, जसं गिझरमध्ये असतं. तेच मॅग्नेशियम समुद्रात भराभर संपतं.

कांडी निम्मी झिजली की बदलावी. तिच्यावर रंग कधीही लावू नये. आणि बऱ्याच दिवसांनी खोलल्यावर ती नव्यासारखी चकचकीत निघाली, तर आधी तिचा जोड तपासा. तो तुटला असेल, तर तिच्या वाट्याची झीज इंजिन सोसत असतं.