फोटो कोणाचा, तक्रार कोणाची : वेबसाइटवरच्या स्वामित्वहक्काची पार्श्वभूमी

लालबागच्या मसालेवाल्यापासून अंधेरीच्या ट्रॅव्हल एजन्सीपर्यंत आज सगळ्यांच्या वेबसाइट आहेत. त्यांतल्या पुष्कळ वेबसाइटच्या तळाशी स्वामित्वहक्काबद्दल, म्हणजे कॉपीराइटबद्दल, एक परिच्छेद असतो आणि त्यात डीएमसीए या १९९८ च्या अमेरिकी कायद्याचं नाव असतं. कुठल्या तरी परदेशी साइटवरून तो जसाच्या तसा आलेला असतो. मुंबईतल्या छायाचित्रकाराने मुंबईतल्या दुकानदाराविरुद्ध तक्रार केली, तर तिचा निवाडा त्या कायद्याने होत नाही. आपल्याकडे त्यासाठी वेगळी वाट आहे आणि ती पावणेदोनशे वर्षांत घडत आली आहे. या सगळ्या काळात कायद्याने आणि न्यायालयांनी तक्रारदाराला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारली : तुमचं नेमकं काय, ते तुमचं कशावरून, आणि ते कुठे वापरलं गेलं?

सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात झाली. १८४७ च्या २० व्या कायद्याने ग्रंथकर्त्याला हयातभर आणि त्यानंतर ७ वर्षं, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षं, यांत जी मुदत जास्त असेल तेवढा हक्क दिला. मात्र दावा लावायचा तर आधी सरकारी वहीत नोंद हवी. पुढे १८६७ च्या २५ व्या कायद्याने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीची व्यवस्था बसवली. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानांवर या कायद्याप्रमाणे पुस्तक रजिस्टर केल्याचा आणि सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेवल्याचा उल्लेख दिसतो, तो यामुळेच. गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांतून निघालेल्या पुस्तकांवरची ती ओळ शोभेची नव्हती. तिच्या जोरावर कोर्टात उभं राहता येत होतं.

ब्रिटनचा १९११ चा कायदा इथे १९१४ च्या कायद्याने लागू झाला आणि नोंदणीची अट गेली. त्याच कायद्याने भाषांतराचा हक्क मात्र पहिल्या प्रकाशनापासून फक्त १० वर्षांचा ठेवला. भाषांतरांवर वाढणाऱ्या आपल्या भाषांच्या दृष्टीने ही तरतूद फार महत्त्वाची होती आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही, असं मला वाटतं.

नोंदणी गेली, तेव्हा ‘तुमचं नेमकं काय’ हा प्रश्न अधिक टोकदार झाला. त्याचं पहिलं मोठं उत्तर मुंबईतूनच गेलेल्या एका खटल्यात मिळालं. मॅकमिलन कंपनीने प्लूटार्कच्या सिकंदर-चरित्राचा, सर थॉमस नॉर्थच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातला निवडक भाग टिपांसह विद्यार्थ्यांसाठी छापला होता. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी तसंच पुस्तक काढलं. वाद मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, पोचला. १९२३-२४ च्या त्या निकालाने मजकूर आणि टिपा यांची फारकत केली : जुन्या भाषांतरातले उतारे निवडून जोडण्यात मॅकमिलनचा स्वतंत्र हक्क निर्माण होत नाही, पण संपादकाने कष्ट आणि जाण वापरून लिहिलेल्या टिपांत होतो. एकाच पुस्तकातली काही पानं सगळ्यांची आणि काही एकाची, हे तेव्हा स्पष्ट झालं. आज वेबसाइटवरचं उत्पादनाचं वर्णन, फोटो, लोगो आणि मांडणी यांचा वाद येतो, तेव्हाही एकेक घटक असाच सुटा करून पाहावा लागतो.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदवही हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. तरीही मुंबईत हा मुद्दा मिटायला २०२१ उजाडलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका एकलपीठाने सॉफ्टवेअरच्या वादात नोंदणीशिवाय दावा चालणार नाही, असं म्हटलं होतं. खाद्यतेलाच्या लेबलवरून आलेल्या संजय सोया खटल्यात २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ते मत बाजूला सारलं : हक्क निर्मितीबरोबरच जन्मतो, नोंदणीची सक्ती नाही. छोट्या छायाचित्रकारासाठी आणि चित्रकारासाठी हा निकाल मोठा आधार आहे. ‘नोंदणी कुठाय?’ असं विचारून त्याची तक्रार झटकता येत नाही.

दरम्यान, व्हिडिओ आणि कॅसेटच्या चोरीमुळे १९८४ मध्ये शिक्षा वाढल्या. कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

मग आलं इंटरनेट. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला ते सर्वसामान्यांना खुलं केलं. दुसऱ्याने चढवलेल्या मजकुराबद्दल साइट चालवणाऱ्याला कितपत जबाबदार धरायचं, हा नवा पेच होता. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ७९ आणि त्याची २००८ ची दुरुस्ती यांनी अशा साइट चालवणाऱ्याला, कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्था’ला, अटींवर संरक्षण दिलं. पण त्याच कायद्याच्या कलम ८१ ने स्वामित्वहक्क धारकाचे अधिकार अबाधित ठेवले. या दोन कलमांची सांगड कशी घालायची, यावर टी-सीरीज ही संगीत कंपनी आणि मायस्पेस ही सोशल मीडिया साइट यांचा दिल्लीत २००८ पासून वाद चालला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलं की ‘आमची सगळी गाणी’ अशी सरसकट यादी पुरेशी नाही. कुठलं गाणं कुठल्या पत्त्यावर आहे, हे सांगा. सांगितल्यावर ३६ तासांत ते काढावं लागेल.

त्याच वर्षी मुंबईतही हीच भूमिका दिसली. इरॉस कंपनीने एका हिंदी चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी वेबसाइट बंद करण्याची मागणी केली. अख्ख्या साइट बंद करण्याचा आदेश द्यायला न्यायमूर्ती पटेल यांनी नकार दिला. नेमके दुवे तपासून दाखवल्यावर तेवढ्यांपुरता आदेश दिला. माझ्या मते ही कडक भूमिका हक्कधारकाच्याही हिताची आहे. नेमकी तक्रार लवकर तडीस जाते, मोघम तक्रार रेंगाळते आणि तिच्या ओघात निर्दोषांची पानंही बंद पडतात.

स्वामित्वहक्क कायद्याची २०१२ ची दुरुस्ती आणि त्याच्या २०१३ च्या नियमांतला ७५ वा नियम यांनी हाच विचार आधीच कागदावर आणला होता. तक्रार लेखी हवी. कृती कोणती, मालकी कशी, वापर कायद्याच्या अपवादांत का बसत नाही, मजकूर कुठे आहे, हे सगळं तीत हवं. शिवाय २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दाखवण्याची हमी द्यावी लागते. तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत तो मजकूर रोखायचा आणि तो का रोखला हे पाहायला येणाऱ्याला दिसेल असं लिहायचं. २१ दिवसांत आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. अमेरिकेत मजकूर चढवणाऱ्याने उलट नोटीस दिली की मगच तक्रारदाराला कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्याकडे ती पहिल्या दिवसापासून तक्रारदाराच्याच वाट्याला येते. म्हणूनच परदेशी परिच्छेद चिकटवणं घातक आहे. त्यातल्या मुदती वेगळ्या आणि जबाबदारीचा क्रमही वेगळा.

एक गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. ही सगळी मुभा दुसऱ्याने ठेवलेल्या मजकुरासाठी आहे. गुगलवरून उचललेला पुरणपोळीचा फोटो दुकानदाराने स्वतःच्या पानावर स्वतः लावला, तर तो मध्यस्थ राहत नाही. तिथे २१ दिवसांचा हिशोब लागू होत नाही आणि फोटो काढून टाकल्याने आधीच्या वापराची भरपाईही टळत नाही.

‘पैसे दिले म्हणजे आपलं झालं’ हा समजही अर्धाच खरा. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. पण बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतलेला मजकूर किंवा डिझायनरने आखलेली मांडणी आपोआप दुकानाची होत नाही; त्यासाठी सहीचं हस्तांतरपत्र लागतं. त्या पत्रात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती ५ वर्षं धरतं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतं. वेबसाइट तर दुबईतही उघडते. २०१९ मध्ये मुदत न घालता करून घेतलेल्या लेखी कराराचे हक्क २०२४ मध्ये मूळ लेखकाकडे परत गेलेले असू शकतात आणि तो मजकूर अजूनही पानावर असेल, तर तक्रार करण्याचा अधिकार आता त्याचा आहे.